तलावाची पाळ कशावर उभी असते?

गोंदिया जिल्ह्याचा मोठा नकाशा मिळाला तर तो वर्गात भिंतीवर लावावा आणि मुलांना त्यातले निळे ठिपके मोजायला सांगावेत. वैनगंगा, बाघ, चुलबंद, गाढवी या नद्यांच्या रेषा लगेच सापडतात. त्यांच्या मधल्या जागेत इतके तलाव दिसतात की मोजता मोजता मुले थकून जातील. १ मे १९९९ रोजी हा जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्या जुन्या, एकत्र भंडारा जिल्ह्याची ओळखच ‘तलावांचा जिल्हा’ अशी होती. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा काही भाग मिळून असे काही हजार तलाव आहेत. मालगुजारीच्या काळात ते मालगुजारांच्या ताब्यात होते, म्हणून त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात. बोलताना याचेच ‘मामा तलाव’ झाले आहे.

हे तलाव आपोआप झालेले नाहीत. ते माणसांनी बांधले, आणि त्यातले बरेचसे कोहळी समाजाच्या लोकांनी बांधले. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचा ग्रंथ १९१६ साली निघाला. त्यात कोहळ्यांची ओळख वैनगंगेच्या खोऱ्यातले तलाव बांधणारे लोक अशीच करून दिली आहे. चांद्याच्या गोंड राजाने त्यांना काशीकडून आणले अशी एक कथा आहे. धान आणि ऊस ही त्यांची पिके, आणि दोन्हींना पाणी लागते. पाऊस पडतो चार महिने. दसऱ्याच्या सुमारास धान निसवायला येतो तेव्हा पावसाने दगा दिला तर हातचे पीक जाते. त्या वेळी एक पाणी मिळावे यासाठी हा सगळा खटाटोप होता.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातला नवेगावबांध हा यांतला सर्वांत प्रसिद्ध तलाव. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असे गॅझेटियरमध्ये म्हटले आहे. तलावाचा विस्तार सुमारे पाच चौरस मैल, म्हणजे तेरा चौरस किलोमीटर, आणि घेर सतरा मैल अशी जुनी नोंद आहे. भोवतालच्या टेकड्यांना लोक सातबहिणी म्हणतात. बांध टिकावा म्हणून या सात देवींचे साहाय्य झाले, अशी आख्यायिका आहे. कोलू पाटलांचाही पुढे ‘कोलासूर’ नावाने देव झाला.

आता शिक्षक म्हणून आपल्याला पडावा असा प्रश्न. या तलावांच्या पाळी बहुतांशी मातीच्या आहेत. कुठे पाण्याच्या बाजूला दगड लावलेले असतात, पण आतला गाभा मातीचाच. पाणी तर पाळीला रात्रंदिवस ढकलत असते. मग ही पाळ सरकत का नाही? ढासळत का नाही? याचे उत्तर आपल्या आठवी-नववीच्या पुस्तकातच आहे. बल, गुरुत्वाकर्षण आणि घर्षण या तीन धड्यांत ते विखुरलेले आहे. आणि ते उत्तर माणसाला कसे सापडत गेले, ही हकीकतही ऐकण्यासारखी आहे.

पाणी किती जोराने ढकलते?

मुलांना विचारून पाहा: दोन तलाव आहेत. दोन्हींत पाळीजवळ पाणी सहा मीटर खोल आहे. एका तलावाचे पाणी मागे शंभर मीटरपर्यंत पसरले आहे, दुसऱ्याचे पाच किलोमीटरपर्यंत. कोणत्या पाळीवर जास्त जोर येईल? बहुतेक मुले दुसऱ्या तलावाचे नाव घेतील. मोठी माणसेही घेतात. इतके पाणी मागून रेटते आहे, तर जोर जास्तच असणार असे वाटते.

ही समजूत चुकीची आहे, हे सायमन स्टेव्हिन याने १५८६ साली लिहिलेल्या पुस्तकात दाखवले. स्टेव्हिन हा नेदरलँड्समध्ये कालवे-बंधाऱ्यांची कामे करणारा अभियंता. त्या देशाचा बराच भाग समुद्रसपाटीच्या खाली, त्यामुळे बांधामागच्या पाण्याचा हिशोब हा तिथे जगण्यामरणाचा विषय होता. पाण्याचा दाब फक्त खोलीवर अवलंबून असतो, मागे पाणी किती पसरले आहे यावर नाही, असे त्याने मांडले. पुढे पास्कालने हा विषय अधिक व्यवस्थित लिहिला. ते लिखाण त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली, प्रसिद्ध झाले.

हिशोब आपणच करू. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन. पाण्याच्या पृष्ठभागावर पाण्यामुळे येणारा दाब शून्य. सहा मीटर खाली तो दर चौरस मीटरला सहा टन. म्हणजे सरासरी तीन टन. पाळीची एक मीटर लांबी घेतली तर तिच्यासमोरच्या पाण्याची उभी बाजू सहा चौरस मीटरची झाली. तीन गुणिले सहा, म्हणजे अठरा टन वजनाइतके आडवे बल पाळीच्या प्रत्येक मीटरवर येते. पाणी मागे कितीही पसरलेले असो, हा आकडा बदलत नाही. मोठ्या तलावात वाऱ्याने लाटा मोठ्या उठतात आणि त्या पाळ झिजवतात, ही गोष्ट वेगळी.

खोली दुप्पट केली तर? सरासरी दाब दुप्पट आणि उभी बाजूही दुप्पट, म्हणजे बल चौपट. पाळ उंच करणे महाग पडते ते यासाठी. उलट खोली तीच ठेवून तलाव कितीही रुंद केला तरी पाळीच्या एका मीटरवरचे ओझे वाढत नाही. नवेगावसारख्या ठिकाणी टेकड्यांच्या मधली खिंड बांधून आखूड पाळीमागे मैलभर पाणी अडवता येते ते याच कारणाने. जागा निवडणाऱ्याला स्टेव्हिन ठाऊक असण्याची गरज नव्हती. पण जागेची त्याची निवड या नियमाचा पुरेपूर फायदा घेते.

धानाची रास आणि मातीचा उतार

आता पाळीकडे वळू, पण खळ्यावरून जाऊ. मळणी झाल्यावर धानाची रास घालतात. वरून धान ओतत राहिले की रास उंच होते, पण तिचा उतार बदलत नाही. थोडी उभट झाली की दाणे घरंगळतात आणि उतार पुन्हा तितकाच होतो. रास सुपाएवढी असो की गाडीभर, उतार जवळपास सारखाच. वाळूचा ढीग, मुरमाचा ढीग, गव्हाची रास, प्रत्येकाचा उतार वेगवेगळा असतो, पण त्या त्या पदार्थाचा तो ठरलेला असतो. साधारणपणे तो तीस ते चाळीस अंशांच्या आसपास भरतो.

असे का होते? राशीच्या उतारावरच्या एका दाण्याचा विचार करा. त्याच्या वजनाचा एक भाग त्याला उताराच्या दिशेने खाली ओढतो. दुसरा भाग त्याला खालच्या दाण्यांवर दाबून धरतो. जितके दाबले जाते, तितके घर्षण जास्त. म्हणजे दाण्याला खाली ओढणारेही गुरुत्वाकर्षण, आणि घर्षण निर्माण करून त्याला जागेवर धरणारेही गुरुत्वाकर्षणच. उतार वाढवत गेलो की ओढ वाढते आणि दाब कमी होतो. एका ठराविक कोनाला दोन्हींची बरोबरी होते, आणि त्यापुढे दाणा घसरतो. या कोनाचे टॅन गुणोत्तर म्हणजेच घर्षणांक. दाण्याचे वजन दोन्ही बाजूंना सारखेच येत असल्यामुळे हिशोबातून निघून जाते. म्हणून मोठ्या राशीचा आणि लहान राशीचा कोन सारखा.

आज दोन ओळींत सांगता येणारी ही गोष्ट समजायला जवळजवळ तीनशे वर्षे लागली. घर्षण वजनाच्या प्रमाणात वाढते आणि टेकलेल्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, हे लिओनार्दो दा व्हिंची याने पंधराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या वह्यांत टिपून ठेवले होते. पण त्या वह्या छापल्या गेल्या नाहीत, त्यामुळे त्या ज्ञानाचा कुणाला उपयोग झाला नाही. १६९९ साली फ्रान्समध्ये आमोंतों याला हेच नियम नव्याने सापडले. क्षेत्रफळाचा संबंध नाही, ही गोष्ट तेव्हाच्या विद्वानांनाही पटायला जड गेली. आमोंतोंचा एक अंदाज मात्र फसला. घर्षण सर्वच पदार्थांत वजनाच्या एक तृतीयांश असते, असे त्याला वाटले होते. प्रत्यक्षात ते पदार्थागणिक बदलते. अठराव्या शतकाच्या मध्यावर ऑयलरने उतार आणि घर्षणांक यांचा गणिती संबंध मांडला. वस्तू सुटण्यापूर्वीचे घर्षण आणि ती सरकू लागल्यानंतरचे घर्षण वेगळे असते, हेही त्याने स्पष्ट केले.

पण हे सारे लाकूड, धातू, फळ्या आणि ठोकळे यांच्याबद्दल झाले. मातीचे काय? मातीकडे हा विचार वळवला तो शार्ल ऑगस्तीन कूलोम याने. विद्युतभाराच्या एककामुळे मुलांना हे नाव माहीत असते. पण तो मुळात लष्करी अभियंता होता, हे पुस्तकात सहसा येत नाही. १७६४ साली त्याला वेस्ट इंडीजमधल्या मार्टिनिक बेटावर किल्ला बांधायला पाठवले. तिथे त्याने आठ वर्षे काढली. उष्ण हवेत तो वारंवार आजारी पडला. किल्ल्याच्या भिंतीमागे मातीचा भराव असतो आणि तो भिंतीला ढकलत असतो. भिंत किती जाड हवी? कमी जाड केली तर कोसळते, जास्त केली तर पैसा आणि मेहनत वाया जाते. तेव्हा वापरात असलेले ठोकताळे कूलोमला समाधानकारक वाटले नाहीत.

फ्रान्सला परतल्यावर १७७३ साली त्याने पॅरिसच्या अकादमीपुढे एक निबंध वाचला. १७७६ मध्ये तो छापला गेला. त्यात त्याने असे मांडले की मातीचा भराव घसरतो तेव्हा तो एका तिरप्या पातळीवरून घसरतो. त्या पातळीवर मातीला दोन गोष्टी धरून ठेवतात. एक मातीचा चिकटपणा, आणि दुसरे मातीवर मातीचे घर्षण. हे घर्षण वरून दाबणाऱ्या वजनाच्या प्रमाणात असते. अभियांत्रिकीच्या महाविद्यालयात आजही मातीची ताकद शिकवताना सुरुवात या विधानापासूनच होते. पुढे रोशफोरच्या गोदीत त्याने घर्षणावर भरपूर प्रयोग केले. त्या कामाला १७८१ साली अकादमीचे पारितोषिक मिळाले, आणि १७८५ साली ते प्रसिद्ध झाले. पाठ्यपुस्तकातले घर्षणाचे नियम या कामातून पक्के झाले.

इतिहासाचा हा क्रम मुलांना जरूर सांगावा. पुस्तकात आधी नियम येतो आणि मग ‘उपयोग’ या मथळ्याखाली बांधकामे येतात. प्रत्यक्षात भिंती पडत होत्या, ढीग घसरत होते, आणि त्यातून नियम आला.

आपल्या पाळीचा हिशोब

एक पाळ कल्पनेने घेऊ. उंची सात मीटर, माथ्याची रुंदी तीन मीटर, दोन्ही बाजूंचा उतार ‘एकास दोन’, म्हणजे एक मीटर चढायला दोन मीटर आडवे जावे लागते. अशा पाळीचा पाया एकतीस मीटर रुंद होतो आणि आडव्या छेदाचे क्षेत्रफळ एकशे एकोणीस चौरस मीटर. दाबून बसलेल्या मातीचे वजन घनमीटरला सुमारे १.८ टन धरले तर पाळीच्या एक मीटर लांबीचे वजन दोनशे चौदा टन झाले. मातीचा घर्षणांक अर्धा धरा. पाळ सरकवायला निदान शंभर टनांचे बल हवे. पाणी ढकलते आहे अठरा टनांनी. पाळीखालचा भाग ओला होऊन तिचे परिणामी वजन निम्म्यावर आले तरी पन्नासेक टनांचे घर्षण उरतेच. म्हणजे पाण्याच्या रेट्याने अख्खी पाळ सरकण्याचे भय फारसे नाही. पाणी ढकलते तेही वजनामुळे, पाळ अडवते तीही वजनामुळे. त्या वजनाचे अडवणाऱ्या बलात रूपांतर करते ते घर्षण.

आणि उतार? एकास दोन म्हणजे साधारण साडेसव्वीस अंश. मातीचा स्वतःचा कोन तीस-पस्तीस अंशांचा. म्हणजे कोरडी पाळ तिच्या स्वाभाविक कोनाच्या आत सुरक्षित उभी आहे. म्हणूनच मातीच्या पाळी अशा पसरट असतात.

मग पाळी फुटतात का?

कारण पाणी फक्त बाहेरून ढकलत नाही, ते आतही शिरते. कूलोमच्या हिशोबात ही बाजू पुरेशी आलेली नव्हती. आणखी दीडशे वर्षांनी, १९२५ साली, कार्ल तेरझागी या ऑस्ट्रियन अभियंत्याने ती उलगडली. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत पाणी भरले की त्या पाण्याचाही दाब असतो. तो कणांना एकमेकांपासून दूर रेटतो. वरून वजन तितकेच आहे, पण त्यातला काही भाग आता पाण्याने उचलून धरला आहे. कण एकमेकांवर कमी जोराने दाबले जातात, म्हणून घर्षण कमी होते. ओली माती घसरते ती पाण्याचे ‘वंगण’ झाल्यामुळे, असे आपण सहज म्हणून जातो. खरे मुख्य कारण हे आहे की दाबणारे बलच कमी झालेले असते.

यातून एक व्यवहारोपयोगी आकडा निघतो. रेताड मातीच्या उतारातून पाणी झिरपून उताराच्याच दिशेने वाहू लागले, तर ती माती जेमतेम अर्ध्या चढापर्यंतच उभी राहू शकते. जिचा घर्षणांक ०.७ आहे ती माती कोरडी असताना ‘एकास दोन’, म्हणजे ०.५, हा चढ सहज सांभाळते. तीच झिरपणाऱ्या पाण्याने भरली की ०.३५ च्या पुढे टिकत नाही, आणि मग तीच पाळ घसरते. चिकण मातीत चिकटपणाचा आधार मिळतो, म्हणून पाळीला चिकण माती हवी. शिवाय चिकण मातीतून पाणी फार हळू झिरपते.

म्हणून पाळीच्या कोरड्या बाजूचा पायथा हा तिच्या तब्येतीचा आरसा असतो. तिथे स्वच्छ पाण्याची थोडी ओल असेल तर लक्ष ठेवावे. पाणी गढूळ येत असेल तर ते आतली माती घेऊन येते आहे, आणि आत पोकळी वाढते आहे. उंदीर-घुशींची आणि खेकड्यांची बिळे, वाळून गेलेल्या झाडांची कुजणारी मुळे, पाणी सोडायच्या मोरीच्या कडेची फट, या सगळ्या पाण्याला मिळालेल्या आयत्या वाटा. आणि सर्वांत वाईट म्हणजे पाणी पाळीच्या माथ्यावरून वाहणे. मातीचा कण घर्षणाने जागेवर असतो, पण वेगाने जाणारे पाणी त्याला ओढून नेण्याइतके बल लावते. एकदा खाच पडली की तिथे पाणी अधिक, वेग अधिक, खाच अधिक खोल. तलावाला सांडवा ठेवतात तो यासाठी. तो पाळीवर नसतो, बाजूला, शक्यतो खडकाळ जमिनीवर असतो.

महाराष्ट्राने याची जबर किंमत मोजली आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले आणि पुण्यात हाहाकार उडाला. धरणाचे काम पुरते संपलेले नव्हते. पाणी बाहेर नेणाऱ्या मोरीच्या भागात भराव खचला आणि मग पाणी वरून गेले. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातले तिवऱ्याचे धरण फुटून वीसहून अधिक माणसे दगावली. मातीचे बांधकाम कच्चे असते, असा याचा अर्थ नाही. गोंदिया जिल्ह्यातलेच गाढवी नदीवरचे इटियाडोह धरण मातीचे आहे, सुमारे तीस मीटर उंच आहे आणि १९७० पासून उभे आहे. अर्थ एवढाच की मातीच्या पाळीवर सतत नजर असावी लागते.

नहरातले पाणी वेग का घेत नाही?

तलावातून सुटलेले पाणी नहराने बांध्यांपर्यंत जाते. पंप नाही, इंजिन नाही, नुसत्या उताराने. इथे गतीच्या नियमांचा एक सुंदर धडा दडला आहे. किलोमीटरला एक मीटर उतार असलेला तीन किलोमीटरचा नहर घ्या. पाणी एकूण तीन मीटर खाली येते. तीन मीटरवरून दगड सोडला तर तो जमिनीवर सेकंदाला साडेसात मीटरहून अधिक वेगाने आदळतो. नहरातले पाणी मात्र शेवटच्या टोकालाही सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपासच, म्हणजे सुरुवातीच्याच वेगाने वाहते. गुरुत्वाकर्षणाचे बल तर सतत लागू आहे. बल लागले की त्वरण होते, असे आपण शिकवतो. मग त्वरण गेले कुठे?

याचा हिशोब आंत्वान शेझी या फ्रेंच अभियंत्याने कूलोमच्याच काळात केला. इव्हेत नदीचे पाणी पॅरिसला आणायची योजना होती आणि कालवा किती मोठा करावा हे त्याला ठरवायचे होते. त्याने असे मांडले की एकसारख्या कालव्यात उताराची ओढ आणि तळ-काठांचे घर्षण यांची बरोबरी झालेली असते. परिणामी बल शून्य, म्हणून वेग कायम. न्यूटनने १६८७ साली मांडलेला पहिला नियम तो हाच. आपण तो शिकवताना अवकाशातल्या वस्तूचे उदाहरण देतो. गावाबाहेरच्या नहरात तो रोज वाहतो आहे.

पाण्याचे घर्षण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून वेग दुप्पट हवा तर उतार चौपट करावा लागतो. उतार फार ठेवला तर पाणी नहराचा तळ खरवडते, आणि तलावापासून दूरच्या उंच बांध्यांना पाणी चढत नाही. उतार फार कमी ठेवला तर गाळ बसतो. दोहोंच्या मधला उतार साधणे हे आखणी करणाऱ्याचे कसब.

कोहळ्यांना काय माहीत होते?

या प्रश्नाची दोन टोकाची उत्तरे ऐकू येतात. आपल्या पूर्वजांना सगळे विज्ञान ठाऊक होते, हे एक. ते अडाणी होते, योगायोगाने जमले, हे दुसरे. आम्हाला दोन्ही पटत नाहीत.

घर्षणांक, दाब, बलांची बेरीज या कल्पना त्यांच्यापाशी होत्या असे मानायला आधार नाही. पण कोणती माती पाळीला चालते, उतार किती ठेवावा, सांडवा कुठे काढावा, पाणी कुठवर पोचेल, हे त्यांना नक्की माहीत होते. हे ज्ञान पिढ्यान्पिढ्यांच्या अनुभवातून, आणि अर्थातच फुटलेल्या पाळींतून आलेले असणार. आज आपल्याला दिसतात त्या टिकलेल्या पाळी. ज्या टिकल्या नाहीत त्यांनी काय शिकवले, हे लिहिलेले नाही. सातबहिणींची कथा ऐकताना, पाळ टिकवणे किती अवघड वाटत असेल, याचा अंदाज मात्र येतो.

अनुभवाच्या ज्ञानाला एक मर्यादा असते. परिस्थिती बदलली की ते वाट दाखवीलच असे नाही. सात मीटरच्या पाळीचा अनुभव तीस मीटरच्या धरणाला पुरत नाही. तिथे हिशोब लागतो, पाळीच्या आतला न दिसणारा दाब मोजावा लागतो. दुसऱ्या बाजूने, नुसता हिशोब येणाऱ्याला पायथ्याची ओल दिसत नाही. ती रोज पाळीवरून जाणाऱ्या माणसाला दिसते.

आणि इथेच गेल्या सत्तर वर्षांत काही तुटले. तेव्हाच्या मध्य प्रदेशच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि १९५१ मध्ये तलाव सरकारच्या ताब्यात आले. मालगुजारीत अन्याय पुष्कळ होता, ती गेली हे योग्यच झाले. पण पाळीवर माती टाकणे, नहर साफ करणे, गाळ काढून शेतात नेणे ही कामे गावाच्या वहिवाटीत बसलेली होती. पुढे ती कुणाची, हे स्पष्ट राहिले नाही. गाळ साठला, खोली घटली, काही तलावांत शेती झाली. २०१७ पासून राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या नावाने गाळ काढण्याची योजना आली. आता गाळ यंत्राने निघतो. यंत्र एका दिवसात खूप माती उचलते, आणि ती पाळीच्या पायथ्याला लागून उचलली तर पाळीचा आधारच निघून जातो. पायथ्यापासून किती अंतर सोडून खणायचे, हे विचारणारे कुणीतरी गावात हवे. तो प्रश्न विचारायला अभियंता असावे लागत नाही. घर्षणाचा धडा समजलेला असला म्हणजे पुरते.

करून पाहण्यासाठी

१. धान, तांदूळ, कोरडी वाळू आणि मुरूम यांच्या राशी घाला. राशीची उंची आणि पायाच्या व्यासाचा निम्मा भाग मोजा. उंचीला निम्म्या व्यासाने भागले की घर्षणांक मिळाला. उंची ६० सेंटिमीटर आणि निम्मा व्यास ८० सेंटिमीटर असेल तर घर्षणांक ०.७५, म्हणजे कोन सुमारे ३७ अंश. लहान आणि मोठ्या राशीची उत्तरे ताडून पाहा.

२. जुन्या पत्र्याच्या पेटीत वाळूची पाळ घाला आणि एका बाजूला हळूहळू पाणी भरा. पाळीची कोरडी बाजू कुठून आधी ढासळते ते पाहा. मग वाळूऐवजी चिकण मातीची पाळ दाबून घाला. दोन्ही वेळा किती मिनिटे लागली ते लिहून ठेवा.

३. नहराला पाणी सुटले की वाळलेले पान सोडून वीस मीटर अंतर किती सेकंदांत जाते ते मोजा. तीन-चार ठिकाणी मोजा. जिथे वेग वाढला तिथे उतार, रुंदी किंवा तळ यांत काय बदलले ते शोधा. मुलांना काठावरच ठेवावे, पाण्यात उतरू देऊ नये.

४. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी, मोठ्या माणसांच्या सोबतीने, गावच्या तलावाच्या पाळीवरून कोरड्या बाजूने फेरी काढा. ओल, बिळे, भेगा, वाळलेली झाडे, सांड्यात अडकलेला कचरा यांची तारखेसह वहीत नोंद करा. दोन-तीन वर्षांच्या नोंदी जमल्या की त्या ग्रामपंचायतीला दाखवा. अशी वही बहुतेक गावांत नाही. शाळेत ती सहज ठेवता येईल.